नाकाची नोकरी

११ जानेवारी, रविवार

आज चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकबाईंनी महिला मंडळातल्या प्रत्येकीला एकेक डायरी वाटली. रोज देवाचा एक उपकार आठवायचा आणि लिहून ठेवायचा. "आभार मानावेसे वाटले की लिहू, असं म्हणाल तर पानं कोरीच राहतील," त्या म्हणाल्या. "आधी मानायचे. वाटायचं ते मागाहून वाटतं." मी शेवटच्या बाकावरून मान डोलावली. मान डोलवायला काय जातं! पाळकबाईंच्या घरात सगळ्यांची नाकं धड आहेत.

असो. आज दूध उतू गेलं नाही. आभार.

डायरी कुणी तपासणार नाही असंही त्यांनी सांगितलंय, तेव्हा आता खरं काय ते लिहिते.

आमचे हे बेकर. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पुढं काउंटरवर, हे मागं भट्टीपाशी आणि मधे एक दार. डिसेंबरात ह्यांना ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. त्याच्यामागोमाग चवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, नाहीही येणार कदाचित. एवढं तर मीही सांगितलं असतं.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आमची भट्टी जुनी, विटांची, लाकडावरची. तिला ना काटा, ना बटण. लाकूड ओलं असलं की तिची एक तऱ्हा, वाळलेलं असलं की दुसरी. आत पाव झाला की नाही ते ह्यांचं नाक सांगायचं. हे पाठमोरे बसून चहा पीत असायचे आणि मधेच कप खाली ठेवून उठायचे, की समजावं पाव झाला. आता हे गजराचं घड्याळ घेऊन बसतात आणि पाव कधी आतून कच्चा निघतो, कधी वरून कोळसा. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नाहीत. कमी पाव घेतात, एवढंच.

शेजारच्या फर्निचरवाल्याला आमची जागा हवी आहे. परवा येऊन मोठ्या मायेनं ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि जाता जाता डोळ्यांनी भिंती मोजल्या. हे म्हणाले, "मार्च लागला की सांगतो." म्हणजे हो म्हणणार. मला भट्टी बंद व्हायला नकोय. पण ते बोलून दाखवलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून लवंग चघळली. माझी ही जुनी युक्ती. राग आला की एक लवंग दाढेखाली धरायची, म्हणजे तोंड मिटलेलं राहतं आणि कुणाला काही कळत नाही. आज डबीत खडखडाट झाला.

१३ जानेवारी

आज नणंद आली नाही. आभार.

(हा उपकार पाळकबाईंना चालेल की नाही, कोण जाणे.)

१६ जानेवारी, शुक्रवार

नणंद आली. सोबत पिशवीभर उपाय. आधी वाफ दिली, मग कापलेला कांदा नाकाशी धरला, मग मोहरी वाटून हुंगायला लावली. हे मुकाट्यानं एकेकाला नाक देत होते.

"दादा, येतंय का काही?" तिनं विचारलं.

"येतंय," हे म्हणाले. "डोळ्यांतून पाणी."

मला हसू आवरेना. नणंद फुगली. पण वीसेक मिनिटांनी तिचीच शिंक निघाली आणि तीही हसली. मग ती गेल्यावर हे पुन्हा पहिल्यासारखे गप्प. खुर्चीवर बसून हातावरचं पीठ खरवडत होते. नणंदेच्या उपायांपायी आज भट्टी बंद, पीठ मळलंच नव्हतं, मग हाताला पीठ कुठलं? सवय असावी.

प्रभूला आज स्पष्टच विचारलं. आंधळ्यांना डोळे दिलेस, लुळ्यांना चालवलंस. नाकाचं एवढं काय अवघड होतं? प्रार्थनेत असं बोलू नये, ठाऊक आहे. बोलून झाल्यावर आठवलं.

२० जानेवारी

ठरवलं की एकटीनं आभार मानून भागणार नाही. घरात खरी उदासी ह्यांची आहे, तेव्हा औषधही ह्यांनाच हवं. रात्री जेवणाआधीची प्रार्थना झाल्यावर म्हटलं, "आजपासून तुम्हीही रोज एक उपकार सांगायचा."

हे म्हणाले, "तू आहेस."

"ते झालंच हो. काहीतरी ठोस सांगा."

ह्यांनी पुष्कळ विचार केला. "खुर्ची," म्हणाले.

"खुर्ची?"

"ठोस आहे."

ह्या माणसाला आभार मानायला शिकवणं म्हणजे सोपं काम नाही.

२४ जानेवारी, शनिवार

आज खूप चिडले आहे. सकाळपासून डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यात दुपारी सूप केलं. ह्यांनी डोळे मिटून आभार मानले, वाडगाभर सूप चवीनं प्यायले आणि वर "छान झालंय" म्हणाले. मग मी चमचा तोंडात घातला. मीठच नाही! नुसतं गरम पाणी आणि गाजरं.

"छान काय झालंय? तुम्हाला चव तरी कळते का?"

"नाही कळत."

"मग खोटं कशाला बोलता? तेही देवाचं नाव घेऊन?"

"खोटं कुठं बोललो? गरम होतं. तू केलं होतंस."

माणसानं जे मिळालं नाही त्याचे आभार मानू नयेत, असं माझं मत आहे. ते लवंगेखाली दाबलं आणि भांडी जरा जोरात घासली.

आजचा उपकार उद्या लिहीन.

२७ जानेवारी

ह्यांच्या वागण्यात फरक पडायला लागलाय. मी कपाट आवरायला गेले तर हे कपाटात तोंड घालून उभे. माझी राखाडी शाल तोंडावर धरलेली. मला बघून दचकले.

"काय करताय?"

"बटण शोधतोय."

शालीला बटण कुठं असतं? काल न्हाणीघरात माझा पिवळा साबण हातात घेऊन असेच उभे होते. डॉक्टरांना सांगायला हवं. वय झालं की माणूस विसरतो म्हणतात, त्याची सुरुवात नसली म्हणजे मिळवली.

उपकार: शाल धुतलेली नव्हती, तरी काही बोलले नाहीत.

१ फेब्रुवारी, रविवार

आज प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्या मंडळीनं एक पाव मोडून खायचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा पाव आमच्या भट्टीतून जातो, ह्यांच्या वडिलांपासून जातो. गोल, हाताएवढा, वर बोटानं रेखलेला क्रूस. पाळकांनी गेल्या आठवड्यात फार हळुवार आवाजात विचारलं, "ह्या वेळी तुम्हाला विश्रांती देऊ या का?" हे हो म्हणाले.

वेदीपुढच्या मेजावर पाकिटातला पाव होता. दुकानात मिळतो तो, आधीच कापलेला. पाळकांना तो मोडावाही लागला नाही, तुकडे नुसते पसरून ठेवले. ह्यांनी आपला तुकडा घेतला, खाल्ला आणि नंतर कितीतरी वेळ मान खाली घालून बसले. मला वाटलं प्रार्थना चाललीये. हात बघितले तर दोन्ही मुठी घट्ट.

आज डायरीत आभार नाहीत. लवंगही सापडली नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज काय झालं ते सगळंच लिहिते.

सकाळी मी काउंटरवर ओल्या फडक्यानं काच पुसत होते. मागून वास आला. पाव करपायला लागायच्या जरासा आधी येतो तो, साखर जळायला टेकली की येतो तसा. दार ढकलून आत गेले आणि ओरडले, "अहो, काढा! करपतोय!"

हे घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "अजून वेळ आहे."

"घड्याळाला नाक आहे का?"

लांबूनं फावडं घालून ट्रे ओढला. लांबू म्हणजे आमचा कणीक मळणारा, नावाप्रमाणेच ताडमाड, दोन पोरांचा बाप आणि सदा काहीतरी खात असलेला. पाव तांबूस निघाला, करपला नव्हता. आणखी थोडा वेळ गेला असता तर गेला असता.

हे पावाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "तुला पुढून वास आला? दार बंद असताना?"

"मला शेजारच्या फर्निचरवाल्यानं कुठलं पॉलिश लावलं तेही पुढूनच कळतं."

त्यावर हे पुन्हा भट्टीकडं वळले. दुपारी जेवताना एकदम म्हणाले, "उद्या पहाटे आत येतेस?"

आजवर ह्यांनी मला भट्टीपाशी बोलावलं नव्हतं. मीही कधी मागितलं नव्हतं. माझं नाक मला अचानक मोठं झाल्यासारखं वाटलं.

४ फेब्रुवारी

पहिलाच दिवस आणि नोकरी जाता जाता वाचली.

भट्टीसमोर स्टूल टाकून मला बसवलं. पाव आत गेला. जरा वेळानं हे म्हणाले, "सांग."

"काय सांगू?"

"वास कसा आहे?"

"छान."

"छान हा काही वास नाही."

"मग काय सांगू? पावासारखा आहे."

लांबू कणकेत हसला. हे माझ्यासमोर उकिडवे बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "घाई करू नकोस. मला दिसत नाही असं समज. आता कशाचा वास येतोय?"

मी हुंगलं. पुन्हा हुंगलं. "ओल्या पोत्याचा," म्हटलं. म्हणताना लाज वाटली. पण हे खूश! "बरोबर. म्हणजे अजून आत पाणी आहे. आता?" मग उकडलेल्या बटाट्याचा आला. मग काही वेळ कसलाच नाही, मग एकदम भाजलेल्या दाण्यांचा. "दाणे!" मी ओरडले. "काढ," हे लांबूला म्हणाले. पाव खालून वाजवून बघितला. पोकळ वाजला. ह्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला.

मी विचारलं, "तुम्हालाही दाण्यांचाच यायचा?"

"मला असा शब्दांत नाही यायचा," म्हणाले. "नुसता यायचा. तू सांगितल्यावर कळलं की दाणे होते."

९ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे उठून कंबर मोडते आहे. पोतं, बटाटा, दाणे. आमच्या तिघांची आता हीच भाषा. आज ह्यांनी कणीकही हुंगायला दिली. मी म्हटलं, "काल ठेवलेलं ताक." हे म्हणाले, "ताक किती आंबट? हसवणारं की तोंड वाकडं करणारं?" मी म्हटलं, "हसवणारं." म्हणाले, "मग अजून थांबू."

भट्टीतल्या लाकडालाही वास असतो, हे मला ठाऊक नव्हतं. वाळलेलं लाकूड जळताना कापूर ठेवलेल्या पेटीसारखा वास येतो, ओलं असलं की भिजलेल्या कुत्र्यासारखा. दगडी फरशीवर पाणी मारलं की पहिल्या क्षणी एक गार वास येतो आणि लगेच जातो. रिकाम्या पिठाच्या डब्यातला वास भरलेल्या डब्यापेक्षा जास्त येतो. का ते मला सांगता येणार नाही. ह्यांना सगळं सांगत बसावं लागतं. हे ऐकत बसतात, चहा थंड होतो.

ह्या सगळ्या धावपळीत डायरीतले उपकार राहूनच जातात. पाळकबाईंना काय तोंड दाखवू? उद्यापासून नीट लिहायचं.

१४ फेब्रुवारी

पुन्हा राहिले. दिवसभर नाक चालू असतं. आज बाजारातून येताना रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून मी पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानातली खळ हुंगली, पुढं शिंप्याच्या गरम इस्त्रीखालचं ओलं कापड, पुढं कुणाच्या तरी खिडकीतून आलेली लिंबाची साल. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "खळ कशी होती? ताजी?" मी म्हटलं, "ताजी. वर थोडं मोरचूद, किडीसाठी घालतात ते." हे डोळे मिटून म्हणाले, "हं."

म्हणाले, "तू आता बरीच बोलतेस."

मी म्हटलं, "तुम्हीच विचारता."

नणंद येऊन गेली. तिनं वाफेचं भांडं परत नेलं. म्हणे वहिनी, तुला काहीतरी झालंय, दर दोन मिनिटांनी नाक वर करून बघतेस. चहा दिला. तिला आज बडीशेपेचा वास होता, तेही सांगितलं. खूश झाली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पाळक स्वतः दुकानात आले. त्यांनी पाव घेतला, तिथंच कोपरा मोडून खाल्ला आणि म्हणाले, "मार्चचं प्रभुभोजन तुमच्याकडून होईल का?"

माझ्या तोंडून हो निघून गेलं. हे आतून बाहेर आले, हात पुसत म्हणाले, "बघतो."

रात्री ह्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "बाकीचा पाव एखाद्या दिवशी बिघडला तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातं. तो पाव बिघडून चालणार नाही. तो नीट झाला तर भट्टी ठेवू. नाही झाला तर सोमवारी फर्निचरवाल्याला किल्ली देतो. नुसत्या तुझ्या नाकावर किती दिवस ओढणार? तुलाही दमवतोय."

मी म्हटलं, मी दमत नाही. हे म्हणाले, पहाटे उठून कंबर मोडते म्हणालीस ना? म्हटलं, ते बोलायचं म्हणून बोलले. माझंच तोंड मला नडतं!

शब्द ठरला. पहिल्या तारखेचा तो एक पाव, आणि त्यावर सगळं.

प्रभू, तुझाच पाव आहे, तेव्हा तूही जरा लक्ष घाल.

२८ फेब्रुवारी, शनिवार

कणीक भिजवून ठेवली. ह्यांनी स्वतः मळली, लांबूला हात लावू दिला नाही. क्रूस एकदा रेखला, पुसला आणि पुन्हा रेखला. मी दुसरीकडं बघितलं.

मला सर्दी होऊ नये म्हणून आज केस धुतले नाहीत, पंखा लावला नाही आणि नणंदेला घरात घेतलं नाही, कारण ती शिंकत होती.

१ मार्च, रविवार

मी मेले. आता सगळं संपलंय, म्हणून शांतपणे लिहिते.

पहाटे भट्टी तापायला उशीर झाला, पाव उजाडल्यावर आत गेला. पोतं आलं. बटाटा आला. मी स्टुलावर ताठ बसून, डोळे मिटून, आयुष्यात कधी कशाकडं लक्ष दिलं नाही इतकं लक्ष दिलं. बटाटा लवकर गेला. मला वाटलं लाकूड वाळलेलं आहे, म्हणून. आणि एकदम दाणे! खमंग, स्वच्छ, शंकाच नको.

"दाणे!" मी ओरडले.

हे दारापाशी होते, धावत आले. फावडं घातलं, पाव ओढला. उपासनेची घंटा व्हायला आली होती. ह्यांनी घाईत खालून टिचकी मारली, गरम फडक्यात गुंडाळला, टोपलीत घातला आणि आम्ही निघालो. टिचकीचा आवाज कसा आला ते ह्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

देवळात पाळकांनी पाव हातात घेतला, वर धरला, आभार मानले आणि मोडायला गेले.

मोडेना.

ओढला. ताणला गेला. पाळकांच्या दोन हातांच्या मधे पांढऱ्या कणकेची दोरी लोंबायला लागली. पुढच्या बाकावरच्या आजींनी चष्मा पुसला. पाळकांनी हळूच दोरी बोटाभोवती गुंडाळली, तोडली आणि जसं काही झालंच नाही तसं पुढं म्हणायला लागले. ज्या रात्री प्रभूला वैऱ्यांच्या हाती धरून देण्यात आलं, त्या रात्रीसुद्धा त्यानं भाकर घेऊन आधी आभार मानले, हे ते दर महिन्याला सांगतात. मी आजवर ते ऐकत आले होते. आज ऐकताना जमिनीनं मला पोटात घ्यावं असं वाटत होतं.

तुकडे फिरले. सगळी मंडळी चावत होती. चावतच होती. कुणी काही बोललं नाही, पण संपूर्ण देवळात फक्त जबड्यांचा आवाज. गायकवृंदानं गीत उशिरा सुरू केलं, कारण त्यांची तोंडं भरलेली होती.

बाहेर आल्यावर लांबू समोर आला. त्याच्या खिशात कागदाची पुडी होती आणि तो त्यातून काहीतरी तोंडात टाकत होता.

"काय खातोयस?" मी विचारलं.

"दाणे, वहिनी. सकाळी भट्टीच्या तोंडाशी भाजून घेतले. उपासना लांबते, पोटात कावळे ओरडतात."

सकाळी मी पावाचे नाही, लांबूचे दाणे हुंगले होते! लवंग शोधायला पर्स उघडली. ह्यांच्याकडं बघायची हिंमत होईना. बघितलं तर ह्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. मीही रडायला तयार झाले.

हे हसत होते. आवाज न करता, पोट धरून, भिंतीला टेकून. मग आवाजही फुटला. "दाणे," म्हणाले, "दाणे!" आणि पुन्हा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच ह्यांना असं हसताना बघितलं. लांबूला काही कळेना, त्यानं ह्यांच्यापुढं पुडी धरली. ह्यांनी मूठभर घेतले आणि खाल्ले.

घरी येऊन मी एकटीच रडले. एवढं कमावलं आणि एका मुठीत गेलं. उद्या फर्निचरवाला येईल. मला ह्या वासांची सवय झाली होती, त्याचं काय करायचं?

आजचा उपकार: हे हसले. दुसरा कुठलाही आठवत नाही.

२ मार्च, सोमवार

फर्निचरवाला सकाळीच आला. आज मोजपट्टी उघड उघड हातात. मी काउंटरमागं उभी राहून किल्ल्यांचा जुडगा पुढं ठेवला. शब्द तो शब्द.

हे आतून आले. "जागा नाही मिळायची," म्हणाले.

फर्निचरवाल्यापेक्षा माझाच जबडा जास्त खाली आला. तो बिचारा काहीतरी पुटपुटला, एक पाव घेऊन गेला. तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो, ठरलं काय होतं? पाव बिघडला तर किल्ली द्यायची!"

"बिघडला कुठं? सगळ्यांनी खाल्ला."

"कच्चा होता!"

"होता. पाळकांनी त्याचेही आभार मानले ना? मी समोरच बसलो होतो. हातात कणीक लोंबत होती तरी मानले." हे थांबले. हे इतकं सलग बोलत नाहीत. "मी इतके दिवस ठरवून बसलो होतो, की नाक परत आलं तर आभार मानीन. पाव नीट झाला तर मानीन. काल वाटलं, प्रभू काही असा अटी घालून बसला नव्हता."

मला पाळकबाईंची आठवण झाली. आधी मानायचे, वाटायचं ते मागाहून. मी ह्यांना शिकवायला निघाले होते, पण शिकायचं होतं ते मलाच. मीठ नसलेल्या सुपाच्या वेळी ह्यांनी मला आधीच सांगितलं होतं आणि मी भांडी घासत बसले होते.

आम्ही आत गेलो. दुपारचा पाव भट्टीत होता, लांबू बाहेर जेवायला गेलेला. दाणे घेऊनच गेला, मी खिसे तपासून मगच सोडला. मी स्टुलावर बसले. पोतं. हे समोर उकिडवे बसले, डोळे मिटले.

"आता तुझा सांग."

"माझा काय?"

"तुझा वास. बाकी सगळ्यांचे सांगितलेस. लाकडाचा, फरशीचा, शिंप्याचा. तुझाच राहिला."

मी माझी बाही हुंगली. मनगट हुंगलं. काहीच आलं नाही. "मला माझा येत नाही," म्हटलं. "कुणालाच आपला येत नसेल."

"मला यायचा," हे म्हणाले. "मी शालीत शोधला, साबणात शोधला. गेलाय." मग स्टुलाजवळ सरकले. "पण आठवतो. सांगू?"

"सांगा," म्हटलं.

"पिठाचा, पण माझ्या पिठासारखा नाही, काउंटरवरच्या कोरड्या पिठाचा. त्या पिवळ्या साबणाचा. मानेपाशी थोडा दुधाचा. आणि लवंगेचा."

"लवंगेचा?"

"तो आला की मला आतूनच कळायचं, आज बाई रागावल्यात. आज जपून."

म्हणजे! इतकी वर्षं मी दाढेखाली लवंग धरून समजत होते की कुणाला काही कळत नाही, आणि हे दाराआडून सगळं ओळखून, दुपारी न सांगता माझ्यासाठी कडक भाजलेला पावाचा कोपरा बाजूला काढून ठेवत होते. मला वाटायचं, तो विकला जात नाही म्हणून देतात.

"आता कळत नाही," हे म्हणाले. "आता विचारावं लागतं. रागावलीस?"

डबी खिशात होती. उघडून बघितली. गेल्या महिन्यात भरली होती, ती तशीच होती, कालची एक सोडली तर. "नाही," म्हटलं, आणि रडायलाच लागले. ह्यांनी पिठाच्या हातानं माझे डोळे पुसले, त्यामुळं ते आणखी चुरचुरले.

रडताना माणसाचं नाक बंद होतं, हे मी विसरले. ह्यांचं तर आधीच बंद. लांबू जेवून आला तो दारातूनच ओरडला, "अहो, धूर! तुम्ही दोघं आत बसून करताय काय?"

ट्रे काळा ठिक्कर. विकण्यासारखा एकही पाव उरला नाही. आम्ही वरचा पापुद्रा सुरीनं खरवडला, लांबूनं चहा केला. हे डोळे मिटून म्हणाले, "तू आहेस." मी ह्या वेळी ठोस काही मागितलं नाही. मग माझी पाळी आली, आणि मी आधी मानले.

आजचा उपकार: पाव करपला. तिघांनी मिळून खाल्ला. आभार.